अंबडचे दोनशे

शलोमी निर्मळ हे नाव तुम्ही ऐकलं नसेल.
आवाज ऐकलाय.
कडव्यानंतर तो जिथं फाटेल असं वाटतं
आणि फाटत नाही,
तिथं रिक्षावाले अजून व्हॉल्यूम वाढवतात.

मी तेव्हा ऑक्टोपॅडवर होतो.
जालन्याचा नवतारा मेलडी ऑर्केस्ट्रा,
एक टेम्पो, चार स्पीकर, खोकणारा जनरेटर
आणि तिचा बाप, मिशन दवाखान्यातला कंपाउंडर,
प्रोग्राम संपेपर्यंत स्टेजमागं छत्री धरून बसायचा.
पावसासाठी नाही. खडे यायचे.

गाणं ती चर्चमध्ये शिकली.
कुण्या स्कॉटलंडच्या साहेबानं आणलेल्या चाली,
धुक्यातल्या, मेंढरांमागच्या,
आमच्या चव्वेचाळीस डिग्रीत पार वाळून गेलेल्या.
हिनं एका ओळीत मुरकी घेतली.
पेटीवाल्या बाईंनी कान पिळला,
आणि पुढच्या रविवारी हळूच म्हणाल्या,
तेवढी ओळ परत म्हण गं.

मुंबईत आधी तिचा आवाज घेतला.
तोंड दुसरीचं.
ती दुसरी बर्फात नाचली, उघड्या पाठीनं,
आम्ही अकरा जण टॉकीजात शेवटपर्यंत थांबलो
पाट्यांत नाव वाचायला.
लोक उठले, आडवे आले.
कुणीतरी म्हणालं, आलं होतं बहुतेक.

मग सिरीयल मिळाली.
आता तोंड तिचं घेतलं
आणि आवाज दुसरीचा.
फोनवर विचारलं, असं कसं?
"म्हणतात, 'जायलेय' म्हणू नको, 'जातेय' म्हण.
म्हणलं, तेच तर म्हणायलेय की!"

मधली जाऊ होती ती.
जिन्यावरून ढकलली, कोमात गेली,
एकशे अठरा भाग डोळे मिटून पडून राहिली,
नाकात नळी, ओठाला फिकी लिपस्टिक.
तिची आई म्हणायची, बरंय,
पोरीला झोप तरी मिळायली.
गल्लीतल्या दोघींनी नवस बोलला.
शुद्धीवर आली, "कोण?" एवढंच म्हणाली,
तेही दुसरीच्या आवाजात,
आणि त्याच आठवड्यात सिरीयल बंद.

त्यानंतरचं मला नीट माहीत नाही.
एका वॉशिंग पावडरीत दिसली. एकदा वकील होती.

आता मी मोबाईलला काच लावतो, बसस्टँडसमोर.
नाताळाच्या आधी एक बाई आली,
केस पिकलेले, रंगवायचं सोडून दिलेले.
फोन ठेवला. माझ्या बोटांकडं बघत राहिली.
मी काउंटरवर ठेका धरला होता, मला कळलंच नव्हतं.
म्हणाली,
"अंबडच्या प्रोग्रामचे माझे दोनशे राहिलेत."

आयोजक पळाला होता, मी म्हणालो.
"पळाला. पण जनरेटरवाल्याला द्यायचे म्हणून
तू आधीच उचलले होतेस."
खरं होतं. जनरेटर माझ्या मेव्हण्याचा होता.
गल्ल्यातून शंभराच्या दोन काढल्या.
तिनं उजेडात धरून बघितल्या, पर्समध्ये घातल्या.

मग मी जुनी काच खरवडत होतो
आणि ती गुणगुणायला लागली,
तीच मेंढरांची चाल, मुरकीसकट.
आवाज तिचा. तोंड तिचं.
वर बघायची माझी हिंमत होईना.
एक पोरगा दारातूनच ओरडला,
काका, सी टाईप चार्जर आहे का?

काच बसली, पण कोपऱ्यात एक बुडबुडा राहिला.
काढतो म्हणालो, परत उचलतो.
"राहू दे," म्हणाली,
"जायलेय मी."