चौथी पायरी

मंगळवारी तीनला आला आह्ती कोर्तेलाइनेन
योएन्सूच्या ग्रंथालयात, मागच्या टेबलाशी,
बुटांचा बर्फ पायपुसण्यावर दोनदा झाडून.
तीन पानांचा रेझ्युमे, प्लास्टिकच्या पिशवीत.

इथे मी फुकट वाचून देते, तशी पाटी आहे दारावर.
मीही बावीस वर्षं हेच केलं:
लिफ्टची माहितीपुस्तकं लिहिली,
लिफ्ट अडकेपर्यंत कुणी न उघडलेली.

कॉफीच्या यंत्रानं त्याची फजिती केली.
सूचनेप्रमाणे आधी बटण दाबलं त्यानं,
कप ठेवायचं पुढच्या ओळीत होतं.
ओली बाही घेऊन तसाच बसला समोर.

पहिलीच ओळ: "उत्कृष्ट संवादकौशल्य.
तपशिलांवर बारीक डोळा."
आणि आमच्या भाषेतल्या 'डोळा' शब्दावरचे
दोन ठिपके गळलेले.
मी काही बोलले नाही, पेन्सिलीनं गोल केला फक्त.
त्याचे कान लाल झाले.
"एकोणीस वर्षं," तो म्हणाला, "दुसऱ्यांचे ठिपके लावले."

पुढे: "यंत्रांच्या दस्तऐवजांसाठी जबाबदार."
जबाबदार तर दाराचं कुलूपही असतं, आह्ती.
तू केलंस काय?

बराच वेळ नुसता बाहेरच्या बर्च झाडांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, तसं सांगण्यासारखं काही नाही.

लिएक्साच्या लाकूड गिरणीत ताइमी नावाची बाई होती,
नऊ बोटांची.
मी विचारलं तिला, पुस्तक वाचलं नव्हतं का?
वाचत होते की, म्हणाली, एकेक पायरी करत.
झाकण उघडा, ही चौथी.
वीज तोडा, ही नववी.
नवव्यापर्यंत पोचलेच नाही.

ते पुस्तक माझ्या आधीच्या माणसाचं.
पण छापलं होतं मी, तिसऱ्यांदा,
न हलवता.

आठ महिने भांडलो इंजिनिअरांशी एका वाक्यासाठी.
वीज तोडा: चौथी.
झाकण: पाचवी.
बस. एवढंच केलं.

मग किती बोटं वाचली, मी विचारलं.
"न तुटलेली बोटं कुठल्या वहीत मांडतात?"
खरं होतं. पण आकडा तर हवा,
आणि खोटा नको.
त्यानं दुरुस्ती खात्यातल्या सिस्कोला फोन लावला.
झाकणाबद्दलचे फोन वर्षाला चाळीस येत, ती म्हणाली,
आता सहा.
त्याला माहीतच नव्हतं. तोही बघत राहिला आकड्याकडे,
दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

तीन पानांचं एक झालं.
शाळेतला स्कीइंगचा बिल्ला गेला,
सॉफ्टवेअरांची लांबलचक वरात गेली,
"मेहनती" गेला, "सांघिक वृत्ती" गेली.
नमुना म्हणून ते एकच पान जोडलं, आधीचं आणि नंतरचं,
शितावरून भात कळतो ज्याला कळायचा त्याला.
वाचणारा वीस सेकंद देईल, मी म्हटलं,
त्याचाही हात झाकणावर आहे असं समज.
वीज पहिल्या ओळीत.

राहता राहिलं नाव.
सगळ्यात बारीक अक्षरांत होतं, कोपऱ्यात,
एकोणीस वर्षांत एकाही पुस्तकावर न छापलेलं.
मोठं कर.
बारा? विचारलं त्यानं.
वीस.
सोळावर तुटलं.

नोकरीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.
लोक कळवत नाहीत; अडलेला माणूसच परत येतो.
पण परवा कॉफी घ्यायला गेले
तर यंत्रावरच्या सूचनेत पेन्सिलीचा एक बाण,
खालची ओळ उचलून वर नेणारा:
आधी कप ठेवा.

ठिपके सगळे जागच्या जागी.
खाली सही नाही.