एकास बारा

पाच पायऱ्या, प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर.
मीच बांधल्या त्या,
सोन्याच्या खाणीतून छाती खराब करून लेसोथोला परतलो त्या हिवाळ्यात.
मोखोत्लोंगला बर्फ पडतं, पाणी आत शिरतं,
म्हणून मुख्याध्यापक म्हणाले, जोतं उंच घे.
घेतलं. कुणाला काय खटकणार होतं?
शेळ्यासुद्धा चढत होत्या.

केनेउएचं घर मैदानाच्या पलीकडे,
हाक मारली तर ऐकू जाईल इतकं.
दोन वर्षं तिचा भाऊ तिला पाठीशी बांधून आणायचा,
घोंगडीत, तान्ह्या बाळाला बांधतात तशी,
आणि ती त्याच्या कानात पाढे म्हणायची,
त्यामुळे त्यालाही पाठ झाले.
मग त्याला डोंगरावर मेंढरांमागे धाडलं,
आणि त्याच महिन्यात मिशनकडून चाकांची खुर्ची आली.
खुर्ची मैदान ओलांडायची.
पायरीशी थांबायची.

म्पोलोकेंग बाईंनी तिला खिडकीखाली बसवलं.
आत फळा, बाहेर ती.
खिडकी उघडी ठेवली की आतली पोरं कुडकुडायची,
लावली की हिला ऐकू येईना.
जूनमध्येसुद्धा बाईंनी खिडकी लावली नाही.
पोरांच्या आयांनी तक्रार केली,
आणि बाई माझ्याकडे आल्या.

पहिला उतार मी तीन मीटरचा केला.
तेवढंच सिमेंट होतं. खरं सांगायचं तर
तेवढंच डोकं चाललं.
जिल्ह्याहून साहेब आले, फीत कापली,
चार पोरांनी खुर्ची रेटत वर नेली, फोटो निघाला.
केनेउए हसली नाही.
विचारलं, आता काय राहिलं गं?
म्हणाली, न्ताते, मला उशिरा यायचंय.
म्हणजे?
म्हणजे रेटणारी चौघं घंटेआधीच असतात, नंतर कुणी नसतं.
मोलिएही रोज उशिरा येते, दाराशी उभी राहते, बोलणी खाते.
मला अजून एकदाही कुणी ओरडलं नाही.

रात्री झोप लागली नाही. छातीचं निमित्त होतंच.
भरलेली गाडी किती चढ चढते
हे सत्तावीस वर्षं माझ्या खांद्यांना पाठ होतं.
दगडासाठी आम्ही उतार मोजून घ्यायचो.
आणि त्लाली, माझा जोडीदार,
दोन्ही पाय खाणीत ठेवून घरी आला,
अकरा वर्षं एका उंबरठ्याच्या आत राहिला.
तो उंबरठाही माझ्याच हातचा.
गप्पा मारायला मीच जायचो आत,
आणि त्यात स्वतःला भला माणूस समजायचो.

सकाळी पहार घेतली.
एकास बारा. एक चढायचं तर बारा चालायचं.
पंच्याहत्तर सेंटिमीटरला नऊ मीटर,
शिवाय वळणावर दम खायला सपाट जागा.
नऊ मीटरांत मुख्याध्यापकांचा कोबी येत होता.
दोन बैठका झाल्या. कोबीची बाजू बरीच भक्कम होती.
शेवटी बाई म्हणाल्या, कोबी कुठेही उगवतो.

काँक्रीट ओलं असताना एक शेळी चालून गेली.
खुरांचे ठसे बुजवले नाहीत.

काल घंटा झाली, दार लागलं, मैदान रिकामं.
मग पलीकडून खुर्ची निघाली, सावकाश,
वाटेत दुकानापाशी थांबली, काही कारण नसताना.
उताराला लागली. हात चाकांवर, थांब, पुन्हा हात.
मी कोपऱ्यात थापी धूत होतो.
उठायचं नाही म्हणून गुडघे धरून बसलो.
आतून बाईंचा आवाज, खणखणीत:
ही काय वेळ झाली? राहा तिथेच, दाराशी!
मोलिएहीनं सरकून जागा केली.
दोघी उभ्या. म्हणजे एक उभी, एक बसलेली,
शिक्षा सारखीच.
केनेउए खाली मान घालून
हसू दाबत होती, आणि ते दाबलं जात नव्हतं.

संडासाचं दार अजून साठच सेंटिमीटर आहे.
ते उद्या काढतो.