देवागार

तिसऱ्या रात्री ताप उतरला
आणि केपेंच्या दवाखान्यात खाट नंबर नऊवरची
यशोद वेळीप
पोर्तुगीज बोलू लागली.

अंगठा उठवणारी बाई.
रेशनला, बँकेत, मतदानाला
जांभळी शाई हीच तिची सही.

मी रात्रपाळीला होतो.
आधी वाटलं, कण्हतेय.
मग त्या कण्हण्याला कडा आल्या, शब्द सुटे झाले.
"देवागार," ती म्हणाली, "देवागार, देवागार,"
आणि सुनेनं पेजेचा वाडगा खाली ठेवला :
सासूबाई देवाघरी निघाल्या.

सकाळी व्हरांड्यात अर्धा गाव.
घाडी म्हणाला, झाड धरलंय, नारळ लागेल.
पोदेर मिंगेल पावांची टोपली तशीच धरून म्हणाला,
पेंतेकोस्तला असंच झालं होतं.
कुणीसं म्हणालं, मागच्या जन्मीची मडमीण.
एकानं फोन तिच्या ओठांशी नेला :
"आजी, परत एकदा. जरा मोठ्यानं."

दुपारी तेओतोनियो फुर्तादोंना आणलं.
नव्वदीला टेकलेले, एके काळचे दस्तनोंदणीतले लेखनिक.
बायको गेल्यापासून ती भाषा
फक्त कुत्र्याशी बोलत.
भर वैशाखात कोट घालून आले,
बुटांना पॉलिश,
आणि खिशात, का कोण जाणे, शब्दकोश.

मांडीवर टोपी ठेवून त्यांनी काहीतरी विचारलं,
फार अदबीनं,
लग्नघरात अनोळखी बाईला विचारावं तसं.
तिनं उत्तर दिलं नाही.
ती बोलत राहिली त्यांच्या खांद्यावरून पलीकडे,
खाटेच्या उंचीएवढ्या कुणाशी तरी.

अर्ध्या तासानं त्यांनी चष्मा पुसला.
"उच्चार चोख आहेत," म्हणाले,
"घराण्यातले.
पण सगळं आज्ञार्थात.
पाणी आण. दार लाव. त्याला शिवू नकोस.
गप्प. पुन्हा पूस.
यात 'मी' एकदाही आला नाही."

"आणि देवाघर?" सुनेनं विचारलं.
"देवागार म्हणजे हळू, बाय.
हातात चिनी मातीची बशी दिली की म्हणतात."

तेव्हा कुठे लेकाला आठवलं,
खाणी बंद पडल्यापासून ज्याचा टिप्पर दारात उभा आहे त्या गुरुदासला :
आई आठ वर्षांची असताना चांदरला
कुणा भाटकाराकडे होती, दोन पावसाळे की तीन.
तिनं कधी सांगितलं नाही.
एवढंच, की घरात सगळी भांडी स्टीलची,
आणि कुणी काचेचा पेला आणलाच
तर ती त्याच्याकडे पाठ करून बसायची.

गर्दी पांगली.
मोलकरणीचं नवल कितीसं असणार.
फोनवाल्यानं घेतलेलं पुसून टाकलं, जागा लागते म्हणून.

फुर्तादो मात्र बसून होते.
ती म्हणाली, "फेशा आ पोर्ता."
ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, वॉर्डाचं दार लावलं,
परत येऊन तिच्यासमोर उभे राहिले, टोपी हातात.
"सीं, सेन्योरा," म्हणाले.
पुढच्या आज्ञेला पुन्हा तेच. तिच्या पुढच्याला पुन्हा.
चार वाजेपर्यंत त्या कोटातल्या म्हाताऱ्यानं
एका पोरीची चाकरी केली,
आणि ती झोपली.

मी घरात कोंकणी बोलतो,
वॉर्डाचं रजिस्टर इंग्रजीत भरतो,
हे मराठीत लिहितोय.
मला अजून कुणी विचारलं नाही,
कुठल्या जन्मातली.

शनिवारी तिला सोडलं.
काही आठवत नव्हतं. पेज अळणी होती म्हणून
सुनेशी तिच्या नेहमीच्या बोलीत कडाकडा भांडली.
गुरुदास रिक्षा थांबवून हॉर्न मारत होता,
ती घाईनं निघाली, व्हरांड्याची दुसरी पायरी तुटकी,
आणि माझ्याच तोंडून निघालं,
"देवागार."

तिनं मागे वळून पाहिलं नाही.
पाऊल तेवढं
हळू टेकवलं.