कोनता हिवरा

रात्री दोनला फोन वाजतो.
"लाईनमन साहेब, हिवऱ्यात लाईन गेली."
मी अंधारात पँट चाचपत विचारतो, कोनता हिवरा?
तिकडचा माणूस बिथरतो,
"कोनता म्हंजे? हिवरा! आपला हिवरा!"

माझ्या सेक्शनात पाच हिवरे आहेत, लाईन चारांत.
तहसिलात त्यांना शेपट्या लावून ठेवल्या आहेत:
बुद्रुक, खुर्द, भोंग, पोड, रिठ.
(खुर्द आता बुद्रुकाच्या दुप्पट झालाय, पण कागदावर धाकटाच.)
शेपटी फोनवर कोणी सांगत नाही.
घरातल्या घरात आडनाव सांगतं का कोणी?

म्हणून मी फोनच्या मागचं ऐकतो.
एक कुत्रं भुंकलं आणि त्याला लगेच दहा जोडली गेली, तर खुर्द,
तिथे घराला घर चिकटून.
बेडूक असले तर भोंगाचा, तळ्यावरचा.
मागे एखादी बाई कोलामीत पुटपुटली तर पोडावरचा,
आणि नुसताच खोकला असला
तर बुद्रुक, तिथे म्हातारेच उरलेत.

एकदा चुकलो.
खुर्दात पोहोचलो तर सगळीकडे झकपक उजेड,
उकंडराव निकुरे ओट्यावर पंखा लावून बसलेला,
म्हणाला, आलेच तर भाकर खाऊन जा.
खाल्ली, अंबाडीच्या भाजीशी.
तिकडे बुद्रुकात ट्रॅक्टरचा हेडलाईट लावून हळद झाली.
फोटोत नवरी डोळे मिचकावते.
तिला आता दोन पोरं आहेत, तरी भेटली की
पहिल्यांदा तोच फोटो काढते.

भोंगाच्या हिवऱ्यातली, बोबडे मास्तरची प्रांजली
रशियात डॉक्टरकी शिकते.
तिचा फोन आला मास्तरकडे, मी मीटर पाहायला गेलेलो.
म्हणे, काका, इथेही तुमच्यासारखंच आहे,
लिपोव्का, लिपोव्का, जिकडे तिकडे लिपोव्का.
मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.
लिपा म्हणजे तिकडचं एक झाड,
फुललं की मधमाश्यांनी गुणगुणतं,
ते जिथे दिसलं तिथे माणसांनी गाव बसवलं
आणि नावासाठी फार डोकं चालवलं नाही.
मैत्रिणीच्या गावी निघालेली ती भलत्याच लिपोव्कात उतरली,
गुडघाभर बर्फात.
एका म्हातारीने दार उघडून चहा दिला आणि काहीतरी विचारलं.
भाषा अजून अर्धीच येते, पण प्रांजली म्हणते,
नक्की तेच विचारलं असणार.
मी म्हटलं, ते झाड होतं का तिथे?
"दिसलं नाही काका. लाईन गेली होती."

मग मला हिवर आठवला.
पांढुरक्या खोडाचा, काटेरी,
ज्याच्या शेंगांवर बकऱ्या मागच्या पायांवर उभ्या राहायच्या.
बुद्रुकातला मीच तोडला.
अकरा केव्हीला फांदी लागत होती,
हुकूम वरून आला, कुऱ्हाड माझी होती.
खुर्दातला सभामंडपात गेला.
भोंगाचा तळ्याच्या भिंतीखाली पुरला गेला म्हणतात.
पोडावर माणकू आत्रामला विचारलं, तर तो हसला:
आमच्या बोलीत त्या झाडाचं नाव वेगळं,
गावाचंही वेगळं,
लिहायला आलेल्यानं विचारलंच नाही.

राहिला रिठ.
सातबाऱ्यावर गाव, माणूस एकही नाही.
कोणी म्हणतं पटकीनं उठलं, कोणी म्हणतं वाघानं.
खांब नाही, मीटर नाही, मला तिथे कामच नाही.
तरी मार्चात एका दुपारी गेलो,
गाडी पांदणीत ठेवून, पऱ्हाट्यांच्या ढिगामागून.
हिवरच हिवर.
अकरापर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं.
बिनदेवळाच्या मारुतीला ताजा शेंदूर होता,
म्हणजे कोणीतरी येतं.
बुडाशी टेकलो. डोळा लागला असावा,
कारण फोन वाजला तेव्हा चांगलाच अंधार पडलेला.

"साहेब, हिवऱ्यात लाईन गेली."
मी म्हटलं, मी हिवऱ्यातच आहे.
"मग दिसून का नाही राहिले?"