साडेअकरा ग्रॅम

मी मीटरवाला. चौबाऱ्यापासून बिदर रोडपर्यंत
महिन्याला साडेसहाशे डब्यांत डोकावतो,
कोळिष्टकं झाडतो, आकड्याचा फोटो काढतो.
कुणी पाणी विचारतं, कुणी कुत्रं सोडतं.
म्हणून शिवलीला म्हणाली, पप्पा,
तुला तर उदगीरच्या सगळ्याच दुकानांत जाता येतं की.

तेव्हापासून आकड्यांबरोबर पुड्याही बघू लागलो.
सत्तर रुपयांची आंधळी पुडी, चंदेरी, फुगलेली.
आत त्या सिनेमातल्या बाराजणांपैकी कोण,
ते फाडल्याशिवाय कळू द्यायचं नाही असा कायदा.
पाठीवर दीपस्तंभ घेतलेली गोगलगाय,
चष्मेवालं घुबड, पेंगुळलेलं साळिंदर,
कोल्हीण, तिची तीन पिल्लं, बाकीची मला नावानं येत नाहीत.
आणि काजवा.
पोटात उजेड असलेला, बोटाच्या पेराएवढा,
डब्याला एकच, म्हणे.

गोगलगाय पहिल्यांदा निघाली तेव्हा पोरगी नाचली.
दुसऱ्यांदा म्हणाली, हिला बहीण झाली.
तिसऱ्यांदा आईनं हिशोब विचारला.
पाचवी तिनं गुपचूप नेऊन टीव्हीवर ठेवली
बाकीच्या चौघींच्या ओळीत,
तोंड भिंतीकडं करून.

मी चाचपायला शिकलो.
टोचलं की साळिंदर, गोल लागलं की घुबड.
मुस्तफाभाई गल्ल्यावरून म्हणायचे,
"दबाओ नक्को साब, आम हैं क्या?"

एप्रिलात एकदा पाचशेची नोट त्यांच्याकडं ठेवली
आणि अख्खा डबाच उचलला, तेवीस पुड्या,
पुढचं मीटर डहाळे सराफांचं होतं.
डहाळेकाका हसले नाहीत.
काट्यावरची काच पुसली, शून्य आणलं,
"पंखा बंद कर रे," पोराला म्हणाले, "वाऱ्यालाबी वजन असतंय."
मग एकेक पुडी ठेवली, लग्नाच्या अंगठीसारखी,
आणि पावतीच्या पाठीवर आकडे लिहीत गेले.
सतरा दोन. सतरा चार. एकोणीस. सतरा दोन.
बाहेर बसलेल्या दोन बायका
पाटल्या मोडायच्या विसरून बघत राहिल्या.
एकविसावी पुडी: साडेअकरा.
त्यांनी ती पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली.
"पोकळ आहे ह्यात काहीतरी," ते हळूच म्हणाले,
गिऱ्हाईकाला सांगावं तसं, की मण्यांत लाख भरलीय.
"मजुरी किती?"
"मीटर जरा हळू फिरव म्हणजे झालं."

मी पुडीच्या कोपऱ्यावर बॉलपेननं
निळा ठिपका दिला.

शिवलीलानं पुडी घेतली, ठिपका बघितला,
सगळं ऐकून घेतलं.
"मोजून आणलास?"
हो म्हणालो. थोडा ताठच उभा होतो.
"मंग ते निघालं कसं म्हणायचं?
ते तर तू आणलास."

सायकलवर मागं बसून आली मुस्तफाभाईंकडं.
ठिपक्याची पुडी डब्यात टाकली,
कोपरापर्यंत हात घालून डबा ढवळला
जात्यात घास फिरवावा तसा,
डोळे मिटून एक वर काढली.
पायरीवरच फाडली.
मुस्तफाभाईंनी मान वळवली.
मी तर तिकडं बघितलंच नाही,
कागदाच्या आवाजावरूनच कळलं.

"सहावी," ती म्हणाली. आणि काय सांगू,
हसली. दीपस्तंभावरची धूळ नसतानाही पुसली.

मे संपता संपता, देवणीच्या गाडीत,
माझ्या पुढच्या सीटवर एक पोरगं,
मांडीवर बाजाराची पिशवी, शेजारी आजोबा झोपलेले.
हातात चंदेरी पुडी. कोपऱ्यावर निळा ठिपका,
घामानं जरा पसरलेला.
दातांत कोपरा धरून बसलेलं,
फाडत नव्हतं.
खिडकीतून अजून भक्कन ऊन येत होतं,
उजळलेलं दिसलं असतं तरी कसं.

माझ्या तोंडात आलं होतं.
कंडक्टरनं घंटी मारली, माझा थांबा होता,
मी पिशवी, बॅटरी, आकड्यांची वही गोळा केली
आणि त्याच्या डोक्यावरून हात जाऊ नये
म्हणून दांडी धरून उतरलो.