प्रत

वहीचं पान आडवं धरून मी रकाने पाडले.
महिन्याचे पैसे. अनामत. संडासात धरायला दांडी आहे का.
रात्रपाळीला माणसं किती.
दवाखाना किती मिनिटांवर,
तोही रिकाम्या रस्त्यानं नव्हे, पारोळा रोडच्या गर्दीतून.
शेवटच्या रकान्याला नाव सुचेना, तो कोराच ठेवला.

मागच्या सीटवर आबा.
त्रेचाळीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस पारखला त्यांनी.
चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ओढून, पट्टी न लावता
धाग्याची लांबी सांगायचे, व्यापारी मान खाली घालून लिहून घ्यायचे.
आता माझं नाव त्यांना आठवड्यातून दोनदा सापडतं.

पहिलं देवपूरच्या पुढे, नव्या वसाहतीत.
काचेचं दार, आत एसी, टेबलावर प्लॅस्टिकचा झेंडू.
मॅनेजर बोरसे म्हणाले, कॅमेरे आहेत मॅडम,
पुण्यात बसून मोबाईलवर वडील बघा.
मी म्हटलं, मी इथंच असते, साक्री रोडला.
ते जरा हिरमुसले.
तरी रकाने भराभर भरले, टिक, टिक, टिक.
तेवढ्यात आबा एका पलंगापाशी थांबले.
वर फुलाफुलांची जाड चादर. तिच्याखालची पांढरी
त्यांनी चिमटीत धरली, अंगठ्यावर ओढली,
आणि सौद्यात बोलावं तशा खालच्या आवाजात म्हणाले,
"माल वल्ला शे."

बोरसे हसले. मी हात लावून पाहिला.
पलंगावरच्या बाई भिंतीकडे बघत राहिल्या,
जणू विषय दुसऱ्याच कुणाचा.

दुसरं अमळनेरच्या वाटेवर, ट्रस्टचं.
पंख्याच्या पात्यांवर देणगीदारांची नावं,
टाकीवर, बाकावर, पायरीवरसुद्धा.
पलंगांना मात्र नुसते नंबर.
"चौदा जेवला का रे?" आतून कुणी ओरडलं.
स्वस्त आहे. अंगण झाडलेलं.
मी सगळ्यांचे पाय बघत गेले, का ते माहीत नाही.
नखं वाढून आत वळलेली.
एकाच्या पायात दोन वेगळ्या जोड्यांच्या चपला.
आबांनी इथं कशालाच हात लावला नाही.
बाजार उठल्यावर माणूस थांबतो तसे दारात थांबले.

तिसरं नरडाण्याजवळ, एका रिटायर नर्सबाईंच्या घरात.
अकरा पलंग. डॉक्टर फक्त मंगळवारी.
दवाखाना पस्तीस मिनिटं; मी तो आकडा दोनदा गिरवला.
गेंदीबाई पावरा एका म्हातारीला भरवत होती,
"खाई ले ना माय, कळणानी भाकर शे,"
आणि म्हातारी तिच्या अंगावर थुंकत होती.
मागे दोरीवर चादरी, मेच्या उन्हात पापडासारख्या कडक.
आबा दोरीपाशी गेले. काठ ओढून पाहिला. पुन्हा पाहिला.
"काय भाव?"
गेंदीबाई हात पुसत म्हणाली, "तुम्हीच बोला."
"सहाशे दहा," आबा म्हणाले, कुठल्या तरी जुन्या हंगामातला भाव.
"दिल्या," ती म्हणाली, आणि आत गेली.

रात्री अडीचला मी एकटीच पुन्हा गेले.
फाटकाबाहेर गाडी बंद केली, दिवे बंद केले.
चोरासारखी खिडकीशी.
आत बल्ब जळत होता. गेंदीबाई कुणाची तरी चादर बदलत होती,
आणि बदलताना शिव्या देत होती, चांगल्या सणसणीत.
मी तिथं खूप वेळ उभी राहिले.
शिव्यांसाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

घरी आले तेव्हा चार वाजत आलेले.
शेजारच्या पोराला जागं करून पाठवलं.
आबा झोपले होते, तोंड उघडं, कूलर घरघरत.
दिवा न लावता मी त्यांच्याखाली हात घातला.

मग स्वयंपाकघरात बसून
वहीत तीन ओळींच्या खाली
चौथी ओळ आखली.