दुसरी खाट

कुरेसारेच्या दवाखान्यात डॉक्टर पिरेतनं
आपली खुर्ची ओढून आईच्या खुर्चीशेजारी आणली,
तेव्हाच कळलं, आता हिला टेबलापलीकडून बोलायचं नाही.

हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं, ती म्हणाली.
तुम्ही घाबराल म्हणून आम्हीच घाबरतो.
मग सांगितलं.
अंगभर येणारे मोठे झटके वर्षाला किती, ते मोजा.
रात्रीचे असतील तर जास्तच जपा.
गोळी चुकवायची नाही, एकही. जागरण नको.
झटक्यानंतर पालथा राहिला तर कुशीवर वळवा.
आणि खोलीत त्याच्यासोबत कुणी झोपतं ना?

आईनं माझ्याकडे पाहिलं.
मी हो म्हणाले.
त्या हो-चे जेमतेम तीन महिने उरले होते.
तार्तूच्या विद्यापीठाचं पत्र माझ्या दप्तरात होतं,
घरी कुणाला न दाखवलेलं.

किती मुलांना होतं असं, बाबानं विचारलं.
त्याच्या बोटांना धुरावलेल्या माशांचा वास.
वर्षाला साडेचार हजारांत एखाद्याला.
बाबाला आकडा आवडला.
परतताना गाडीत दोनदा म्हणाला, साडेचार हजार.
मला आमच्या शाळेचा फोटो आठवत होता,
एक्केचाळीस मुलं, आणि पुढच्या रांगेत तानेल,
ऐन वेळी डोळे मिटलेला.
आमच्या गावात साडेचार हजार मुलं
अजून जन्मलीच नसतील.

जूनच्या अखेरीला आमच्या बेटावर
रात्र येते ती उंबऱ्यावरूनच परत फिरते.
त्या आठवड्यात सगळं गाव किनाऱ्यावर जाळ पेटवतं,
पोरं पहाटेपर्यंत जागतात, निखाऱ्यांवरून उड्या मारतात.
तानेलला आम्ही दहालाच घरी आणलं.
तो रडला, माझ्या मनगटाला चावला.
बाबानं नावेवरची ताडपत्री खिडकीला ठोकली,
तरी एका भोकातून उजेडाची काडी
त्याच्या उशीवर येऊन पडलीच.

चारच्या सुमाराला खाट वाजली.
लाकूड भिंतीवर, लाकूड भिंतीवर.
घड्याळ बघ. कुशीवर घे. तोंडात काही घालू नकोस.
दोन मिनिटं, दहा सेकंद.
मग खोली एकदम गप्प.
झटक्याला मी कधीच भीत नव्हते.
मी भ्यायचे ती या गप्प होण्याला,
तो श्वास घ्यायचं विसरून गेला तर,
आणि मी शेजारी असून झोपलेली असले तर.
जिवाचा कान केला.
आला. खरखरत आला, मग दुसरा, मग तिसरा.
मी ताडपत्रीतल्या त्या भोकावर बोट ठेवून बसून राहिले,
का, ते अजून कळलेलं नाही.

सकाळी त्यानं विचारलं,
मी उडी मारली ना निखाऱ्यांवरून?
हो, म्हणाले.
उंच?
हो.

सप्टेंबरात मी निघाले.
डॉक्टरच्या यादीत माझं नाव कुठंच नव्हतं.
होती ती फक्त एक रिकामी खाट.
आई आता तिच्यावर झोपते.
गादीखाली यंत्र बसवलंय,
तो नुसता वळला तरी कोकलतं.
फोनवर तानेल म्हणतो,
यंत्र बरं, आई घोरते.
आणि मी विचारायच्या आधीच सांगतो,
गोळी घेतली, घेतली, घेतली.
तीनदा म्हणाला की मला शंका येते.

वसतिगृहात माझ्यासोबत लीस राहते,
धडधाकट, होड्या वल्हवणारी.
रात्री तिचा श्वास ऐकू येईनासा झाला
की मी उठते.
अंधारात तिच्या नाकाजवळ हात धरते.
काल तिचे डोळे उघडे होते.
काय करतेस?
काही नाही, म्हणाले.
झोप तू.
कुशीवर झोप.